नाथाजी कासाराची गावं

त्या दिवशी आष्ट्याचा बाजार होता, आणि अण्णांनी नेहमीसारखं एका नव्या सुनेला रडवलं होतं.

शाळा सुटल्यावर त्यांची लेक विजयमाला छत्री घेऊन बाजारात गेली, तेव्हा ते पोत्यावर मांडी घालून बसले होते. पुढ्यात ती पोर हात पुढं करून बसलेली, आणि तिच्या मागं पदर खोचून सासू उभी.

"आवं मामा, जरा मोठ्या मापाची घाला की. पोरगी कळवळतीया."

"मोठी जाईल सुळकन," अण्णा मान वर न करता म्हणाले. "आन पंधरा दिसांत धुण्याच्या दगडावर वाढंल. मग तुमीच गावभर सांगणार, नाथाजीचा माल कच्चा. आंगठा आत घे, पोरी. हां, असा. माहेर कुठलं तुझं?"

"म्हसवड."

"मग सिद्धनाथाच्या रथाला जात आसशील. न्यायला कोण येतं? भाऊ?"

पोरीनं भावाचं नाव घेतलं. तो येतो म्हणाला होता, पण मागच्या खेपेला आलाच नाही, असं ती सांगत होती, तेवढ्यात अंगठ्याच्या बुडाशी अडलेली बांगडी हाडावरून खाली उतरली आणि मनगटात जाऊन बसली. पोरीला कळलंसुद्धा नाही. दुसरी मात्र अण्णांच्या बोटांतच कट् झाली. कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. भरताना वाढलेल्या बांगडीचं नुकसान नेहमी कासाराचंच. त्यांनी तुकडे डब्यात टाकले, पोरीच्या हाताला कुठं लागलं का ते उजेडात धरून पाहिलं आणि माळेतून तिसरी सोडवली.

सगळा हात भरून झाल्यावर पोरीनं वाकून नमस्कार केला. सासू मात्र हलेना. तिनं आवाज खाली आणला.

"मामा, तुमी नदीकडच्या गावांत फिरता. त्या कृष्णाकाठच्या देशमुखांची धाकटी... आमच्या पुतण्यासाठी बघतोय. काय आलं का कानावर तुमच्या?"

"काकू, माझं काम मनगटापतूर. त्येच्या वर मी बघत न्हाई."

"आवं, घरातलंच माणूस म्हणून इचारलं."

"घरातलं म्हणूनच सांगत न्हाई. उद्या तुमच्या घरातलं बी कुणी इचारंल."

बाईनं तोंड वाकडं केलं. चार पावलं गेली आणि परत येऊन मधल्या सुनेचं माप सांगून गेली. "नागपंचमीच्या आत घरी या. दुसऱ्याकडनं भरायची न्हाई ती."

विजयमालाला हे पाठ होतं. लहानपणी ती या पोत्यावर अण्णांशेजारी बसून माळा सोडवायची. पुढं पुढं तिच्या बोटांनाही काच कळायला लागली होती. अण्णा म्हणायचे, हात बघायचा नाही, हात ऐकायचा. मग ती शिकली, मास्तरीण झाली, तिचं लग्न झालं, आणि बाकीचंही सगळं झालं.

घरी आल्यावर अण्णांनी करंडी उतरवली आणि ओट्यावर बसले. आई दारातून समोरच दिसत होती, चुलीपाशी. पाण्यानं भरलेला तांब्या तिच्या हाताशी होता. तरी अण्णांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "माले, पाणी दे."

विजयमाला तपासायच्या वह्या बाजूला ठेवून उठली. थोडी चिडचिड झालीच. रोजचं होतं ते. तिनं तांब्या उचलून दिला, ते घोटाघोटानं प्याले, तांब्या परत तिच्याच हातात दिला. "दोरा आणाय पायजे, संपत आलाय," म्हणाले. आई म्हणाली, उद्या आणा. जेवताना आमटीत मीठ कमी होतं. एवढंच. त्या दिवसात लक्षात ठेवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

सकाळी आई चहा घेऊन दारात गेली, तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर माळ, बोटांत उरलेला दोरा.

*

तेराव्याची पंगत उठली तेव्हा दुपार कलली होती. मांडवाच्या कापडातून पाणी ठिबकत होतं. भाड्याची भांडी अंगणात पालथी घातली होती आणि परतीच्या पाहुण्यांनी चिखल घरभर आणला होता. विजयमालाच्या पायांत गोळे आले होते. या तेरा दिवसांत तिला रडायला म्हणून अशी जागा मिळाली नव्हती. कुणीतरी सारखं काहीतरी विचारायचं. गोडेतेल कुठंय, सतरंज्या कुणाच्या आणल्या, भटजींना सायकलवर कोण सोडणार.

माजघरात आई चुलीजवळच्या खांबाला टेकून बसली होती. पांढरं लुगडं तिला मोठं झालं होतं. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, आणि मनगटांवर, जिथं आयुष्यभर काच होती, तिथं कातडी फिकट राहिली होती. बांगड्या काढल्या त्या चुलतीनं, पहिल्याच दिवशी, दगडावर. विजयमाला तेव्हा परसात निघून गेली होती. तो आवाज तिला माहीत होता. साताऱ्यात सासरच्या अंगणात तिनं तो स्वतःच्या मनगटावर ऐकला होता, तीन वर्षांपूर्वी लढाईवरून नवरा गेल्याची तार आली त्या दिवशी. अण्णा दुसऱ्या दिवशी पोचले. दारातच थांबले. तिच्या हातांकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग चपला काढायला खाली वाकले ते बराच वेळ वाकूनच राहिले. तिच्या लग्नाचा चुडा त्यांनीच भरला होता. त्या दिवसानंतर त्यांनी तिचा हात कधी हातात घेतला नाही.

"माला, इकडं ये," कृष्णातदादानं हाक मारली. "काकांना निघायचंय. बोलून घेऊ."

सयाजीकाका पाटावर बसले होते. अण्णांचे चुलतभाऊ, बांगड्या भरायला इस्लामपूरकडची गावं त्यांची. या तेरा दिवसांत त्यांनी फार केलं होतं. लाकडं त्यांनी आणली, भटजी त्यांनी ठरवला, तिरडीला खांदा त्यांनी दिला. म्हणून तर त्यांच्यापुढं बोलणं अवघड होतं.

"हे बग रं कृष्णात," काका म्हणाले, "मी काय हावरा न्हाई. पन नागपंचमी तोंडावर आलीय. गावाला कासार गेला न्हाई, तर बायका वाट बघत बसत न्हाईत. दुसऱ्या कुणाची करंडी उतरली की गाव गेलं. त्यापरास घरातच ऱ्हाऊ दे. माझा मधला फिरंल नाथाजीच्या गावांवर."

"आणि काका सांगलीच्या गाळ्याला हातभार लावणार आहेत," दादा आईकडे बघून घाईनं म्हणाला. दादा सांगलीत एका कटलरीच्या दुकानात नोकर होता. स्वतःचा गाळा हे त्याचं जुनं स्वप्न. ते अण्णांनी कधी मोडलं नाही आणि कधी उचलूनही धरलं नाही. "आई, तू माझ्याकडं येशील. माला शाळेच्या जवळ खोली घेईल, नाहीतर बदली करून घेईल. सायकलवर माळा टाकून चिखल तुडवायचे दिवस गेले आता. दुकान टाकायचं, काचेचं कपाट, डबे लावायचे मापावार. बाई येईल, बघेल, घेईल, जाईल."

"आन परत येईल का?" बनूवहिनी म्हणाली.

ती दाराशी भांडी पुसत बसली होती. दादाची बायको. नवऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे. दादानं चमकून पाहिलं.

"म्हणजे?"

"तुमच्या मालकाच्या दुकानात मी दिवाळीत बसते, म्हणून म्हणते. बाई येते, चार डबे उघडाय लावते, पलीकडं स्वस्त मिळतं का इचारून येते. न्हाई आली तर कुणाला कळतबी न्हाई ती कोण व्हती. मामंजी गेल्यापासनं हितं दारात किती बायका आल्या? तुमचा मालक गेला तर येतील का?"

"बने, मालकाला कशाला मारतीस?" काका हसले. कुणीच हसलं नाही, मग तेही थांबले. "तुझं खरं हाय गं. पन त्या बायका नाथाजीकडं यायच्या. नाथाजी संपला. माणसाबरबर त्याचा शब्द जातो. तुझा नवरा हात भरतो का कुणाचा? न्हाई. त्याला सवयच न्हाई. राहीवैनी भरायच्या, पन त्यांचं आता..." त्यांनी आईकडे बघून वाक्य सोडून दिलं आणि पंच्यानं तोंड पुसलं.

आईनं हात पदराखाली घेतले.

विजयमाला उंबऱ्यावरच बसली होती.  तेरा दिवस सगळे बरोबरच बोलत होते. काका बरोबर होते, दादाही. दादाच्या पायाला लहानपणी चिखल्या व्हायच्या आणि तरी अण्णांबरोबर त्याला जावं लागायचं, हे तिनं पाहिलं होतं. त्याला त्या गावांचा राग होता आणि तो राग खोटा नव्हता.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "नाथाजी कासाराचं घर ह्येच न्हवं?"

डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक म्हातारी दारात उभी होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिनं उंबऱ्याबाहेरच पायाचा चिखल घासला. "मला उशिरा कळलं. पानंदीला पाणी व्हतं, म्हणून दहाव्याला याय जमलं न्हाई. मी धोंडुबाई. नदीकडच्या मळ्यावरची."

आईनं तिला ओळखलं नाही. बायका ओळखण्यात आई सहसा चुकत नसे, पण ती हातावरून ओळखायची.

"आत या, मावशी," विजयमाला म्हणाली.

"हितंच बरी. तेराव्याच्या घरात आन कासाराच्या दारात मी कशाला आत येऊ? लय वर्सं झाली बांगडी घालून." ती ओट्यावर टेकली.  "सांगायचं येवढंच व्हतं, की आमच्या घरात पाच सुना हायत. भावकीतल्या धरल्या तर मोजत बसावं लागंल. सगळ्यांनी म्हटलंय, नाथाजीच्या घरचं कुणी येस्तवर हात भरायचा न्हाई. पंचमीला मोकळ्या हातानं झोका खेळू, पन दुसरा कासार न्हाई. तेवढं कळवा म्हणाल्या."

काका पाटावर सरळ झाले. "मावशी, मी त्यांचाच भाऊ. माझा मुलगा येईल की. माल तोच."

"माल कुठंबी तोच असतो, बाबा," धोंडुबाई म्हणाली. "तुमी मळ्यावर आलाय का कवा?"

"आलो असंन."

"आला असाल. पन माझ्या दारात थांबला न्हाईसा. कुठला कासार थांबतो? रांडमुंड बाईच्या दारात त्याला काय मिळायचं? वरनं अपशकून. कासार आला की समद्या आळीत गलका, आन माझ्या दारापुढनं त्यो मान खाली घालून पुढं. मी मालक गेल्यापासनं बगत आलेली." तिनं खोळीचं पाणी झटकलं. "ह्यो बाबा नवा नवा आला, तवा आमच्या दाराशी थांबला. करंडी खाली ठिवली. मी म्हणलं, पुढं जा, हितं कुणी न्हाई घालणारं. तर म्हणला, आक्का, बांगडीचं न्हाई. तांब्याभर पाणी द्या."

धोंडुबाईनं हातानं तांब्या धरल्यासारखं केलं.

"पलीकडं हीर व्हती. रहाटावर कळशी भरून ठिवलेली व्हती. तरी माझ्याकडं मागितलं. प्याला, तांब्या माझ्या हातात दिला, आन गेला. मग दरसाल. हंगाम असू दे, नसू दे. नुसता माझ्याच दारात न्हाई. आमच्या भागात जिचा हात मोकळा तिच्या दारात त्यो पाणी प्यायचा. पाण्यानं पोट फुगत आसंल बिचाऱ्याचं." ती हसली आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. "मग माझ्या सुना आल्या घरात. तवा मी त्यांना दुसऱ्या कुणाच्या फुड्यात बसवीन का? सांगा."

विजयमालाला आधी काही वाटलं नाही. ओट्यावरून पागोळ्यांचं पाणी पडत होतं तिकडे ती बघत होती. मग तिची नजर आत गेली, चुलीपाशी, तांब्याकडे. तो आजही तिथंच होता, आईच्या हाताच्या अंतरावर.

माले, पाणी दे.

रोज. शाळेतून दमून आली तरी. आई समोर असली तरी. ताप होता त्या दिवशीसुद्धा आणि ती चिडली होती.

तिनं उंबऱ्याचं लाकूड घट्ट धरलं.

"पटलं," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच काहीतरी नरमलं होतं. "नाथाजी माझ्यापरास शाना व्हता. पन मावशी, तुमच्या सुनांचा हात भरणार कोण, ते तर सांगा. ह्या घरात आता हाय कोण?"

"ही मास्तरीण हाय की," धोंडुबाई म्हणाली. "बाजारात बापाशेजारी बसायची. लहान असताना माझ्या थोरल्या सुनंच्या हातात हिनंच भरली व्हती. कवा गेली कळलं न्हाई, म्हणती ती अजून."

"हात आहे तिला," आई म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली. "ते म्हणायचे, कृष्णातला डोकं आहे, मालाला हात आहे."

दादानं खाली पाहिलं. बनूवहिनीनं पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं.

"राहीवैनी," काका हलक्या आवाजात म्हणाले, "मला वंगाळ बोलाय लावू नका. पोरगी माझी बी हाय. पन पंचमीला, नव्या सुनांचा हात, आन भरणारीचा स्वताचा हात सुना? मावशीचं मन मोठं हाय. समद्या गावांचं आसंल का? एक बाई उठून गेली म्हंजे? पोरीला ते सोसंल?"

 धोंडुबाई आपल्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिली.

"मी जाते वन्संसंगं," बनूवहिनी एकदम म्हणाली. "रविवारी त्या, आडवारी मी. मला त्या शिकवतील."

"आणि सांगली?" दादा म्हणाला.

"सांगली कुठं पळून चाललीया?"

"बनू, काय बोलतीस तू! दोन वर्षं मी मालकाच्या..."

"तुमी दुकान घाला. मी न्हाई म्हटलंच न्हाई. पन ह्या बायका तोडून कुणाच्या जिवावर घालणार? सांगलीत आपल्याला कोण वळखतं?"  तिनं ताट खाली ठेवलं. "मामंजी दुपारचे आमच्याकडं आले, तर आधी मला इचारायचे, पोरी, हात दाखव, किती वाढल्या. सांगलीत मला असं दुसरं कुणी इचारत न्हाई."

दादा काहीतरी म्हणणार होता, पण त्यानं डोळे पुसले आणि भिंतीकडे तोंड केलं. तो तेरा दिवसांत रडला नव्हता. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे, गड्या," ते म्हणाले. "आज कशाला. सावकाश बघू."

"सावकाश नाही, काका," विजयमाला म्हणाली.

ती उठली.  अण्णांची करंडी कोपऱ्यात तशीच होती, त्या दिवशी उतरवलेली. वरचं फडकं तिनं काढलं. माळा एकमेकींवर निजल्या होत्या. अर्धीच ओवलेली एक वर होती, गाठ न मारलेली. कुणीतरी त्या सकाळी त्यांच्या बोटांतून सोडवून ठेवलेली. तिनं ती जपून उचलली, आणि हिरव्या बांगड्यांमधून एकेक बोटानं चाचपत गेली. माप शोधायला डोळे लागले नाहीत.

ती आईच्या पुढ्यात येऊन बसली. बाजारात बायका बसायच्या तशी, गुडघा दुमडून. उजवा हात पुढं केला. आई त्या हाताकडे बघतच राहिली.

"माला, अगं..."

"काका म्हणतात ते खरं आहे. सुन्या हाताकडं गावं येणार नाहीत."

"म्हणून घालायच्या?" काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "गावं राखायला? लोक काय म्हणतील, पोरी? तुझ्या सासरचे?"

"गावांसाठी नाही, काका."

आईचे हात अजून पदराखालीच होते. "मी कशी भरू? माझेच हात..."

"सगळ्या जिल्ह्यात तुझ्यासारखा हात नाही कुणाला. घे."

ओट्यावर धोंडुबाई हलली नाही. तिनं फक्त डोक्यावरची खोळ काढून बाजूला ठेवली. बनूवहिनी तांब्या उचलून जवळ आली आणि मनगटावर ओघळेल इतकंच पाणी तिनं विजयमालाच्या हातावर सोडलं, काच सरकावी म्हणून. आईनं हात बाहेर काढले. लेकीचा हात धरला, तशी बोटं आपोआप कामाला लागली. जुनी सवय होती ती. अंगठा आत दुमडला गेला. पहिली बांगडी हाडापाशी येऊन अडली.

दुखलं. विजयमालानं डोळे मिटले नाहीत. तीन वर्षं जे शब्द ती रोज संध्याकाळी त्या तांब्याबरोबर आत परत घेऊन जायची, ते आता कुणाला सांगायचे हेही तिला कळत नव्हतं. तिनं ते करंडीकडे बघून सांगितले, मोठ्यानं, बाजारात ऐकू जाईल इतक्या.

"अण्णा, मला बांगड्या हव्या होत्या. तुमच्याच हातानं हव्या होत्या. तुम्ही रोज पाणी मागत होता, मी नुसतं पाणीच देत राहिले."